ध्वनिचित्रमुद्रणाची लिपी आणि तिचे सामायिक वाचन
(‘एफएफएमपेग’ या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या अनुरोधाने)

१. प्रास्ताविक

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषांची व बोलींची ग्रामोफोन-मुद्रणे करण्यात आली. त्या तबकड्यांवरील खाच म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजातील कंपनांची प्रत्यक्ष आकृतीच होय. तबकडी वाजविण्याचे मूळ यंत्र नष्ट झाले, तरी योग्य गतीने फिरणारी चकती आणि एक सुई एवढ्या सामग्रीवर तो आवाज पुन्हा उमटविता येतो. आजच्या अंकीय ध्वनिमुद्रणाची स्थिती याहून मूलतः निराळी आहे. संगणकातील फाइलीत आवाजाची आकृती नसते. शून्य आणि एक या दोन चिन्हांची एक दीर्घ मालिका तेवढी असते. ती कोणत्या नियमांनी लिहिली आहे हे ठाऊक असेल तरच तिच्यातून आवाज निघतो. नसेल तर मालिका अक्षरशः शाबूत असूनही मुकी राहते.

अर्थात अंकीय मुद्रण ही एक लिपी आहे, आणि लिपीच्या बाबतीत जे घडते ते तिच्याही बाबतीत घडू शकते. मोडी लिपीचे उदाहरण महाराष्ट्रातील अभ्यासकांना नवे नाही. दप्तरांतील कागद सुस्थितीत आहेत, शाई स्पष्ट आहे. परंतु वाचणारे थोडे उरले, म्हणून कागद बोलत नाहीत. मोडीच्या बाबतीत निदान वाचनाचे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे कधीच नव्हते. अंकीय मुद्रणाच्या लिप्यांपैकी अनेकींचे नियम मात्र त्या त्या उत्पादकाने स्वतःपाशी ठेवले. त्या उत्पादकाने धंदा बंद केला किंवा नवा प्रकार काढला, की जुन्या मुद्रणांचे काय, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाला गेल्या पंचवीस वर्षांत मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत व्यापक उत्तर म्हणजे ‘एफएफएमपेग’ हा मुक्तस्रोत प्रकल्प होय. त्याचे कार्य कसे चालते आणि भाषा-संग्रहाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कोणते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पोथी आणि बासन

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण व्यवहारातील बराचसा घोटाळा तो न केल्याने होतो. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एमपी४’, ‘एव्हीआय’ किंवा ‘एमकेव्ही’ अशी अक्षरे असतात आणि त्यांवरून मुद्रण कोणत्या प्रकारचे आहे हे कळते, असा सामान्य समज आहे. वस्तुतः ही अक्षरे फार तर बाहेरच्या आवरणाचे नाव सांगतात. एका बासनात अनेक पोथ्या बांधून ठेवाव्यात, त्याप्रमाणे एका आवरणात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचे एक किंवा अधिक प्रवाह, उपशीर्षके आणि या सर्वांचे कालांक एकत्र ठेवलेले असतात. प्रत्येक प्रवाह आत कोणत्या संकेतपद्धतीने लिहिला आहे, ही गोष्ट स्वतंत्र आहे. या संकेतपद्धतीने लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या यंत्रणेस ‘कोडेक’ असे म्हणतात. बासन तेच असून आतील लिपी निरनिराळी असू शकते. उलट तीच पोथी निरनिराळ्या बासनांतही बांधता येते.

एफएफएमपेगची अंतर्रचना नेमकी या भेदावर उभी आहे. त्याचा ‘लिबएव्हीफॉरमॅट’ हा भाग बासन सोडण्याचे व बांधण्याचे काम करतो. ‘लिबएव्हीकोडेक’ हा भाग आतील लिपी वाचतो व लिहितो. आवाजाचा नमुना-दर बदलणे, चित्राचा आकार बदलणे, नको तो भाग गाळणे यांसाठी आणखी निराळे भाग आहेत. ‘एफएफप्रोब’ हे त्यासोबतचे साधन फाइलीला काहीही न करता तिच्या आत काय आहे एवढेच सांगते. संग्रहात आलेल्या प्रत्येक मुद्रणाची प्रथम या साधनाने तपासणी करणे, हे हस्तलिखिताचे वर्णन सूचीत नोंदविण्यासारखेच प्राथमिक कर्तव्य समजावयास हवे.

या भेदातून एक महत्त्वाचा व्यावहारिक नियम निघतो. फाइलीचे रूपांतर दोन प्रकारचे असते. पहिल्यात पोथी तशीच ठेवून केवळ बासन बदलले जाते. प्रवाहातील एकही अंक बदलत नाही, आणि तासाभराचे मुद्रण बहुधा काही सेकंदांत तयार होते. दुसऱ्यात पोथी वाचून तिची नवी नक्कल दुसऱ्या लिपीत केली जाते. लेखनिकाने नक्कल केली की पाठात काही ना काही फरक शिरतो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास सांगावयास नको. जेथे बासन बदलून भागत होते तेथे नकळत नक्कल केली गेल्यामुळे कित्येक मुद्रणांचा दर्जा विनाकारण घसरतो. एफएफएमपेगला प्रवाह ‘जसाच्या तसा’ उतरविण्याची आज्ञा देता येते. ती न दिल्यास तो सामान्यतः नवी नक्कल करतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

३. संक्षेपण आणि त्याची किंमत

नक्कल करताना फरक का शिरतो, हे समजण्यासाठी आकड्यांकडे वळावे लागते. ध्वनितबकडीच्या, म्हणजे सीडीच्या, प्रमाणानुसार आवाजाचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ अंकस्थानांचा असतो आणि वाहिन्या दोन असतात. गुणाकार केल्यास दर सेकंदास १४,११,२०० द्विमान अंक होतात. एका तासाच्या मुद्रणास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. चित्राचे प्रमाण याहून कितीतरी मोठे आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूस रंगाचे तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका तासास जवळजवळ ५६० गिगाबाइट लागतील. एवढा भार प्रत्यक्ष व्यवहारात पेलणारा नाही. म्हणून संक्षेपण अपरिहार्य ठरते.

संक्षेपणाचे दोन मार्ग आहेत. पहिला हानिरहित. यात पुनरावृत्ती आणि अंदाज करता येण्याजोगा भाग थोडक्यात लिहिला जातो, व वाचताना मूळ मालिका अंकाअंकाने परत मिळते. जॉश कोलसन यांनी विकसित केलेली व २००१ मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीत प्रसिद्ध झालेली ‘फ्लॅक’ ही पद्धत या प्रकारची असून तिच्यामुळे आवाजाची फाइल पुष्कळदा निम्म्याच्या आसपास येते. दुसरा मार्ग हानियुक्त. यात मानवी कानाला किंवा डोळ्याला जे जाणवणार नाही असे मानले जाते ते कायमचे टाकून दिले जाते. मोठ्या आवाजाच्या निकट असलेला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, या तत्त्वावर ‘एमपी३’ ही पद्धत रचलेली आहे. तिच्या योगाने वर सांगितलेला भार अकराव्या हिश्श्यापर्यंत, सेकंदास १,२८,००० अंकांपर्यंत, उतरविता येतो.

संगीताच्या रसिकास ही तडजोड मान्य होण्यासारखी आहे. परंतु भाषावैज्ञानिकाचे उद्दिष्ट केवळ ऐकणे नसून मोजणे हेही असते. आणि ‘कानाला न जाणवणारे’ ते ‘अभ्यासाला निरुपयोगी’ असे समीकरण मांडता येत नाही. मराठीतील एक उदाहरण पुरेसे आहे. ‘चार’ या संख्यावाचकातील च तालव्य आहे, तर ‘चारा’ या शब्दातील च दंततालव्य आहे. देवनागरीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात. म्हणजे एखाद्या बोलीत हा भेद आहे की नाही, कोणत्या शब्दांत आहे, वृद्ध आणि तरुण भाषकांत तो सारखाच आहे काय, या प्रश्नांना साधे देवनागरी लेखन साक्ष देऊ शकत नाही; मुद्रित आवाज हीच साक्ष. आता दंत्य ऊष्म घर्षणाची ऊर्जा मुख्यत्वे उच्च कंप्रतांवर, सामान्यतः सेकंदास ४,००० कंपनांच्या वर, एकवटलेली असते. जुन्या भ्रमणध्वनींवर बोलणे मुद्रित करताना ‘एएमआर’ ही पद्धत सर्रास वापरली जात असे. तिच्या मूळ प्रकारात सेकंदाला ८,००० च नमुने घेतले जातात. त्यामुळे ४,००० कंपनांच्या वरचे काहीही तत्त्वतःच टिपले जात नाही. ज्या भेदाचा शोध घ्यावयाचा त्याचा पुरावाच मुद्रणातून गळालेला असतो.

अशी फाइल नंतर एफएफएमपेगच्या साहाय्याने ‘वेव्ह’ या असंक्षेपित प्रकारात रूपांतरित केली, तर तिचा आकार वाढतो. परंतु गेलेली ऊर्जा परत येत नाही. रूपांतर म्हणजे पुनःप्राप्ती नव्हे, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी अधिक होणार नाही. ऱ्हासाचा उलटा क्रमही तितकाच घातक आहे. मूळ मुद्रण उत्तम असताना पाठविण्याच्या सोयीसाठी त्याची हानियुक्त नक्कल केली जाते, त्या नकलेची आणखी एक नक्कल होते, आणि मूळ फाइल जागा मोकळी करण्यासाठी पुसली जाते. प्रत्येक टप्प्यावर टाकून देण्याचे नियम निराळे असल्याने हानी साचत जाते.

याखेरीज एक सूक्ष्म दोष आहे. एमपी३ पद्धतीत मुद्रणाच्या प्रारंभी थोडा रिकामा अवकाश आपोआप शिरतो. ‘लेम’ या प्रसिद्ध मुक्तस्रोत संकेतकाच्या नेहमीच्या मांडणीत संकेतनाचे ५७६ आणि विसंकेतनाचे ५२९ मिळून १,१०५ नमुने होतात; ४४,१०० च्या दराने हा काळ सुमारे २५ सहस्रांश सेकंद भरतो. काही वाचनसाधने तो गाळतात, काही गाळत नाहीत. मूळ फाइलीवर ध्वनींच्या सीमा आखल्या आणि त्या आखणीचा उपयोग न गाळलेल्या एमपी३ प्रतीवर केला, तर प्रत्येक सीमा तेवढ्याने सरकते. अल्पप्राण अघोष स्पर्शाचा स्फोट आणि त्यानंतरचा घोषारंभ यांतील अंतर पुष्कळदा याहूनही कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोषाचे गांभीर्य कळते.

४. प्रकल्पाचा उदय आणि कार्यपद्धती

एफएफएमपेगचा आरंभ २००० मध्ये फाब्रीस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने केला. नावातील ‘एफएफ’ म्हणजे ‘फास्ट फॉरवर्ड’. ‘एमपेग’ हे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या चलच्चित्र-तज्ज्ञगटाचे लघुनाम होय. २००४ पासून मिखाएल नीडरमायर यांच्याकडे प्रकल्पाची धुरा आली व ती २०१५ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. अनेक देशांतील कार्यकर्ते यात भाग घेतात आणि त्यांतील पुष्कळांचे काम स्वेच्छेचे असते.

ज्या पद्धतींचे नियम प्रसिद्ध होते त्यांचे वाचक तयार करणे हे परिश्रमाचे पण सरळ काम होते. खरी कसोटी होती ती गुप्त पद्धतींची. ‘रिअलव्हिडिओ’, ‘सोरेन्सन’, ‘विंडोज मीडिया’ यांसारख्या पद्धतींची चित्रमुद्रणे त्या काळी विपुल होती. परंतु ती वाचणारी आज्ञावली उत्पादकाने दिलेल्या बंद रूपातच मिळे. मुक्तस्रोत कार्यकर्त्यांनी त्या बंद आज्ञावलींच्या वर्तनाचे निरीक्षण करून आणि त्यांची यंत्रभाषा उलगडून आतील नियम शोधून काढले. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मीचे वाचन सिद्ध केले तेव्हा लिपी जाणणारा कोणी हयात नव्हता. येथे जाणणारे हयात होते, पण बोलत नव्हते, एवढाच फरक. १९९२ मध्ये बाजारात आलेल्या ‘मिनिडिस्क’ या मुद्रणयंत्राचा उपयोग क्षेत्रीय भाषाभ्यासात बराच झाला होता. तिची ‘एट्रॅक’ ही संकेतपद्धती सोनी कंपनीची स्वतःची होती. त्या यंत्रांची विक्री कंपनीने २०१३ मध्ये थांबविली. परंतु त्या पद्धतीचे वाचक एफएफएमपेगमध्ये आहेत.

वाचन बरोबर आहे याची शाश्वती कशी मिळते? त्यासाठी ‘फेट’ नावाची स्वयंचलित चाचणी-व्यवस्था आहे. निरनिराळ्या पद्धतींच्या नमुना-फाइली जमविलेल्या असून प्रत्येकीचे अपेक्षित वाचन नोंदविलेले असते. आज्ञावलीत कोणताही बदल झाला की निरनिराळ्या संगणकांवर सर्व नमुने पुन्हा वाचले जातात आणि निष्पत्ती मूळ नोंदीशी ताडून पाहिली जाते. नव्या सुधारणेमुळे जुन्या लिपीचे वाचन बिघडू नये, हा यामागील हेतू. शिवाय प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद सर्वांना पाहता येते. प्रमाणपाठाच्या खाली पाठभेद नोंदविण्याच्या शिस्तीशी या पद्धतीचे साम्य उघड आहे.

आज अनेक दृश्य-श्राव्य साधनांच्या पोटात हेच भाग काम करीत असतात. ‘व्हीएलसी’ हा परिचित दर्शक त्यांचा उपयोग करतो. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ यानातही अवतरणाची चित्रे संक्षेपित करण्यासाठी एफएफएमपेगचा उपयोग करण्यात आला होता.

५. शाखाभेद

सामायिक मालकीच्या कार्यात मतभेद झाल्यास काय होते, याचे शिक्षण या प्रकल्पाच्या इतिहासात मिळते. जानेवारी २०११ मध्ये कार्यपद्धती व नेतृत्व यांवरून तीव्र वाद झाला आणि कार्यकर्त्यांचा एक मोठा गट अलग झाला. त्याने मार्च २०११ मध्ये ‘लिबएव्ही’ या नावाने स्वतंत्र शाखा सुरू केली. ‘डेबिअन’ व ‘उबुंटू’ यांसारख्या प्रमुख संगणक-प्रणालींनी काही काळ या नव्या शाखेचाच स्वीकार केला.

येथे परवान्याचे महत्त्व दिसून आले. दोन्ही शाखांची संहिता खुली असल्यामुळे एफएफएमपेगला लिबएव्हीतील सुधारणा नियमितपणे स्वतःत समाविष्ट करून घेता आल्या. परिणामी एका शाखेत दोन्हींचे कार्य एकवटत गेले. २०१५ मध्ये डेबिअनने पुन्हा एफएफएमपेगकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी नीडरमायर यांनी नेतृत्व सोडले, आणि लिबएव्ही कालांतराने थंडावली. व्यक्तींमध्ये दुरावा निर्माण झाला, श्रमांची द्विरुक्ती झाली. परंतु ज्ञान हरवले नाही. बंद कंपनीत असा कलह झाला असता तर एका पक्षाचे कार्य बहुधा कपाटातच राहिले असते.

६. परवाना आणि पेटंट

एफएफएमपेगचा बहुतेक भाग ‘एलजीपीएल’ या परवान्याखाली आहे. तो कोणीही वापरावा, तपासावा, बदलावा व वाटावा. मात्र बदललेले ग्रंथालय इतरांस देताना त्या बदलांची मूळ संहिताही खुली करावी, ही त्याची मुख्य अट. काही ऐच्छिक भाग अधिक कडक अशा ‘जीपीएल’ परवान्याखाली आहेत. ते घेतल्यास संपूर्ण संचास तो कडक परवाना लागू होतो.

परंतु संहिता मुक्त असली म्हणजे तीत व्यक्त झालेली कल्पनाही मुक्त असते असे नाही. एमपी३ वर अनेक पेटंटे होती आणि त्यांचा परवाना-कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी संपला. तोपर्यंत अनेक मुक्त प्रणालींना हा अत्यंत प्रचलित प्रकार आपल्या मूळ संचात समाविष्ट करणे अवघड जात असे. म्हणून संग्रहासाठी पद्धत निवडताना वाचकाची संहिता आणि लिपीचे हक्क या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

७. जतनाचा प्रश्न

यातूनच पुढचे पाऊल पडले : केवळ इतरांच्या लिप्या वाचणे नव्हे, तर जतनासाठी खुली लिपी घडविणे. नीडरमायर यांनी २००३ मध्ये ‘एफएफव्ही१’ ही चित्राची हानिरहित पद्धती एफएफएमपेगमध्येच विकसित केली. ती आरंभी एक प्रयोग होती. पुढे अभिलेखागारांना तिचा उपयोग कळून आला. तिचे तपशीलवार नियम २०२१ मध्ये आंतरजालाच्या मानके ठरविणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केले. त्याच मालिकेत ‘मात्रोस्का’ या आवरणाचे नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि फ्लॅकचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा रीतीने बासन, चित्रलिपी व ध्वनिलिपी या तिन्हींचे व्याकरण आता लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. उद्या एफएफएमपेग नाहीसे झाले तरी या व्याकरणावरून नवा वाचक रचता येईल.

मराठीच्या संदर्भात या गोष्टीला प्रत्यक्ष अर्थ आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागले; त्यांत बोलींचे ध्वनी लिप्यंतराने नोंदविलेले आहेत, आणि छापील कागदास वाचनयंत्र लागत नाही. अलीकडे राज्य मराठी विकास संस्था व डेक्कन महाविद्यालय यांनी हाती घेतलेल्या बोली-सर्वेक्षणात प्रत्यक्ष भाषकांचे आवाज मुद्रित झाले आहेत. साधन अधिक समृद्ध झाले. त्याबरोबर वाचनाची चिंताही आली. एखाद्या गावातील वृद्ध भाषकाचे बोलणे पुन्हा मुद्रित करण्याची संधी बहुधा मिळत नाही. यास्तव पुढील दक्षता आवश्यक दिसतात :

(अ) मूळ फाइल, ती कोणत्याही प्रकारची असो, कधीही पुसू नये. वाचकात पुढे सुधारणा होते. मूळच नसेल तर तिचा लाभ होत नाही.

(आ) नवे ध्वनिमुद्रण असंक्षेपित किंवा हानिरहित पद्धतीनेच करावे. ध्वनि-दृश्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या मुद्रणांच्या अंकीकरणास सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येकी २४ अंकस्थाने हे किमान प्रमाण सांगितले आहे. तेच येथेही धरावे.

(इ) हानियुक्त प्रत केवळ ऐकण्यासाठी व पाठविण्यासाठी करावी, आणि ती थेट मूळावरून करावी. प्रतीवरून प्रत करू नये.

(ई) रूपांतराची आज्ञा व साधनाची आवृत्ती यांची नोंद फाइलीबरोबर ठेवावी. हस्तलिखिताच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव व शक असतो, तसेच हे आहे.

८. समारोप

मुक्तस्रोत म्हणजे चिरंजीव, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एवढ्या व्यापक उपयोगाचा भार प्रत्यक्षात थोड्या कार्यकर्त्यांच्या खांद्यावर आहे. मोठमोठे उद्योग त्यावर उभे असले, तरी दुर्मीळ व जुन्या पद्धतींचे वाचक सांभाळण्यात त्यांना फारसा व्यापारी रस असण्याचे कारण नाही. जर्मनीतील ‘सॉव्हरिन टेक फंड’ या सार्वजनिक निधीने २०२४ मध्ये या प्रकल्पास साहाय्य दिले, ही त्या दृष्टीने दखल घेण्याजोगी घटना आहे. रस्ते किंवा धरणे यांप्रमाणे लिपीचे वाचन हीही सार्वजनिक सोय आहे, अशी जाणीव तीमागे दिसते.

मोडीचे वाचक कमी झाले ते कोणाच्या कारस्थानामुळे नव्हे. शिकविणे थांबले, म्हणून. मुक्त संहिता वाचनाचा हक्क देते. वाचणारा मात्र प्रत्येक पिढीला स्वतः तयार करावा लागतो. भाषा-संग्रह सांभाळणाऱ्या विभागांत मोडी किंवा ब्राह्मी जाणणारा एखादा अभ्यासक असावा असे मानले जाते. त्याच न्यायाने आपल्या संग्रहातील फाइलींच्या आत काय आहे हे जाणणारा एखादा तरी अभ्यासक तेथे असणे आता अगत्याचे झाले आहे.